वेदिकाचा चाकू

२ सप्टेंबर, मंगळवार

चाकू आला. एकच आला!

पाऊस होता म्हणून सगळे घरीच. कुंदन भाऊजी पळत फाट्यावर गेले आणि खोकं घेऊन आले. बायकोचं पार्सल ना! लाईटबिल भरायला कधी असे पळत नाहीत. वेदिकाने ते ओट्यावर सगळ्यांसमोर उघडलं. लाल मूठ, घडीचं पातं, एका बाजूने सपाट – खास झाडांवर कलम करायचा. परदेशी. तिने वर्तमानपत्राचा कागद धरला आणि सर्रकन कापला. सासूबाई ‘अगंबाई’ म्हणाल्या. आबा हसले. आबा!

मी चहा टाकायला आत गेले. साखर घालायची विसरले. कोणाच्या लक्षातही आलं नाही. सगळ्यांचे डोळे त्या चाकूवर.

आबांनीच भाऊजींना सांगितलं होतं – ‘वेदिकासाठी एक चांगला चाकू मागव.’ एक. मी तिथेच भाकरी थापत होते. माझ्या कानांनी ऐकलंय.

३ सप्टेंबर

लिहून काढते, नाहीतर भांडी आपटली जातील.

सात वर्षं मी सासऱ्यांच्या, आबांच्या मागे आहे. दिंडोरीपासून निफाडपर्यंत द्राक्षाचा नवा बाग लागला की लोक ‘गोरक्ष आबांनाच बोलवा’ म्हणतात. आबा पुढे कापतात, मी मागे बांधते. रानटी वेलीचा खुंट ते शेंड्याला छाटतात, मधोमध चिरतात, चाकू जरासा पिळतात की चीर उघडते. त्यात चांगल्या वाणाची काडी पाचरीसारखी बसवतात. मग मी प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळते. हवा शिरली की काडी मेली. माझ्या पट्टीत हवा शिरत नाही, हे आबांनी स्वतः चार माणसांत सांगितलेलं आहे.

गेल्या वर्षीपासून त्यांचा हात थरथरतो. यंदाचा हंगाम शेवटचा म्हणतात. त्यांच्या जागी टोळीत पुढे कोण? आमचे हे, म्हणजे राजू, सिन्नरला कंपनीत. भाऊजी औषधांच्या दुकानात. म्हणजे राहिल्या सुना. मला वाटलं, विचारायचं काय त्यात! मीच की!

आणि ही दोन वर्षांचा नर्सरीचा कोर्स करून आली. लग्नाला अजून वर्ष नाही. तिच्या हातात चाकू, माझ्या हातात पट्टी.

५ सप्टेंबर

आज रावजींच्या बागेत सुरुवात. वेदिका पहिल्यांदा कापायला उभी राहिली. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल. कलम म्हणजे काय बोटीतली सहल आहे?

कापते मात्र नीट. खोटं कशाला लिहू. सरळ चिरते, सरळ पातं काढते, मग काडीनेच चीर उघडते. सावकाश, पण नीट. रावजी बांधावरून म्हणाले, ‘आबा, सूनबाईंचा हात बसला की तुमच्या!’

तिच्यामागे बांधायला मी.

‘संध्याताई, घट्ट बांधा हं,’ म्हणाली.

मला! घट्ट बांधा!

६ सप्टेंबर

आजही तिच्याचमागे.

८ सप्टेंबर

वाईट वागली असती तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं. आज तिने माझ्या बोटांना पडलेल्या भेगा बघितल्या आणि पर्समधून क्रीमची ट्यूब काढली. ‘ताई, लावा ना.’ मी म्हणाले, मला वास सहन होत नाही. वास छान होता. दिवसभर नाकात होता.

एक गोष्ट कोणालाच माहीत नाही. मलाही कापता येतं. तीन वर्षं झाली. छाटणीच्या काड्या आणते, घरामागे धुण्याच्या दगडाशी बसते आणि भाजीच्या सुरीने चिरते. आबा जसं करतात तस्संच – अंगठा असा, कोपर असं. तीनशे तरी काड्या झाल्या असतील. सगळ्या चुलीत घातल्या. वाटायचं, आबा स्वतःहून म्हणतील, ये संध्या, आज तू काप. मग मी पहिल्याच घावात दाखवीन.

न मागता मिळावं असं वाटत होतं. हेच चुकलं का माझं? वेदिकाने तरी कुठे मागितलं होतं!

१० सप्टेंबर

आबा तिला म्हणाले, ‘शाबास.’

मला सात वर्षांत ‘बरं’ म्हणालेत. ‘बरं’ म्हणजे चांगलंच असतं त्यांच्याकडे. पण शाबास ते शाबास.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सगळे झोपलेत. लिहिते.

जेवणाच्या सुट्टीत सगळे विहिरीकडच्या आंब्याखाली गेले. मी म्हणाले, पट्ट्या कापून ठेवते, व्हा पुढे. वेदिकाचा चाकू क्रेटवर होता, फडक्यात गुंडाळलेला. तान्हं मूल झोपवावं तसा!

तिसऱ्या ओळीतलं शेवटचं झाड आबांनी सोडून दिलेलं होतं. वाकडं, बोटाबोटावर गाठ, चिरायला सरळ पेरच नाही. ‘सोडा, ह्याचं पुढल्या साली बघू,’ म्हणाले होते. मला वाटलं, सोडलेलंच झाड आहे, कोण विचारतंय.

उचलला. उघडला. हलका आहे. खुंटाचा शेंडा कापला – लोण्यातून गेल्यासारखा! मग मधोमध चिरलं. गाठीपर्यंत आला. आणि मी पिळला. आबा पिळतात तसा, मनगटातून.

टच्.

बारीकसा आवाज. पातं बाहेर काढलं, तर धारेला तिळाएवढा तुकडा गेलेला. मधोमध. उन्हात धरलं तर खाच लख्ख दिसते.

पळून जायला हवं होतं. पण चीर उघडी होती, काडी हातात होती. उघडी चीर सोडून कशी जाणार! काडी तासली, बसवली, साल सालीला लावली, पट्टी बांधली. मग चाकू पदराने पुसला, मिटला, फडक्यात ठेवला. जेवायला गेले तोवर पाऊस आला, दुपारचं काम बंदच झालं. 

१३ सप्टेंबर

सकाळी वेदिकाने चाकू उघडला आणि तशीच उभी राहिली.

टोळीभर पंचायत बसली. सहादू, तो पेठकडचा, आबांचा जुना जोडीदार, म्हणाला, ‘लय पातळ पातं हाय. काकडी कापाया बरं. झाडाला नाय.’ कोणी म्हणालं तारेला लागला असेल. भाऊजींना फोन केला तर ते तिच्यावरच डाफरले. फोन स्पीकरवर, सगळ्यांनी ऐकलं: ‘दगडावर पाडलास ना? खरं सांग!’

ती म्हणाली, ‘मला नाही माहीत.’ बस. एरवी भाऊजींशी भाजीच्या मिठावरूनही वाद घालते. आज एक शब्द नाही.

मला आनंद झाला. लिहूनच टाकते. पोटातून, उकळी फुटल्यासारखा. मग दुपारी ती पाण्याच्या टाकीमागे रडताना दिसली आणि आनंद कुठे गेला कळलं नाही. पण बोलले नाही मी. पट्टी बांधत राहिले.

१४ सप्टेंबर

तिने कंपनीला फोटो पाठवला होता. उत्तर आलं. भाऊजींनी मोठ्याने वाचून दाखवलं – पोलाद कडक आहे, धार पातळ ठेवलेली आहे, कापण्यासाठीच वापरा, उचकटू नका, पिळू नका, गाठी टाळा.

‘पिळलास तू?’ भाऊजी.

‘नाही.’

मी परातीत पीठ मळत होते. नंतर सासूबाई म्हणाल्या, पोळ्या आज मऊ झाल्या.

१५ सप्टेंबर

हे बघ, देव असतो आणि तो माझ्याकडेच बघत असतो.

आबांनी तुटका चाकू तिच्याकडून मागून घेतला. उन्हात बसून, वाचायचं भिंग लावून, बराच वेळ बघितला. कोणाला काही विचारलं नाही. खिशात टाकला. मग दुसऱ्या खिशातून स्वतःचा काढला – काळा, चाळीस वर्षांचा, मुठीला त्यांच्या अंगठ्याचा खड्डा पडलेला – आणि वेदिकाच्या हातात दिला.

‘तवर ह्याच्यावर चालव.’

तो चाकू! मी सात वर्षं त्या चाकूकडे बघत आले. हा लाल-बिल नकोच होता मला, मला तो हवा होता. आणि मी माझ्याच हाताने तो तिला मिळवून दिला!

१७ सप्टेंबर

तिला जमत नाहीये आबांच्या चाकूवर. मऊ पातं, दहा-वीस काड्या झाल्या की दगडावर घासावं लागतं. आबा शेजारी बसून तिला घासून देतात. आजारी माणसाला औषध पाजावं तसं. मी बांधते. बघते. बांधते.

संध्याकाळी पिकअपमध्ये तिने मला एकदम विचारलं, ‘ताई, तुम्ही कधी कापून बघितलंय का?’

मी म्हणाले, ‘मी कशाला! आमचं शिक्षण कुठे तेवढं.’

ती खिडकीबाहेर बघत बसली. टोमणा लागला वाटतं. लागू दे.

२१ सप्टेंबर

उद्या घट बसणार. घर सारवलं, पितळ घासलं. धारेची खाच काही घासून जात नाही डोक्यातून.

२४ सप्टेंबर

भाऊजी अजून ऐकवतात तिला. आज सगळ्यांत म्हणाले, ‘एवढी महागाची वस्तू, आठ दिवस नाही टिकली बाईसाहेबांकडे.’ ती वाटीतली आमटी ढवळत राहिली. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. खरंच आलं होतं. मग वाटलं, सांगितलं तर टोळीतून जाईन. पट्टीसुद्धा जाईल हातची. आबा म्हणतील, चोरून हत्यार उचललं, वर दुसरीवर ढकललं. बरोबरच म्हणतील.

आमटी वाढली तिला अजून. तेवढंच केलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

रावजींचा फोन – कलमांचे डोळे फुटायला लागलेत, बघून जा. आबा, सहादू, वेदिका आणि मी गेलो. बरेचसे फुगलेत. वेदिकाच्या ओळी चांगल्या आहेत. तिच्याही वाट्याला देव आहेच.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी रावजी थांबले. ‘आबा, हे तर तुम्ही सोडलं होतं ना? हे कोणी बांधलं?’

बोटाएवढा कोंब! हिरवा, लालसर टोकाचा. आख्ख्या ओळीत सगळ्यात पुढे तो. त्या गाठीच्या, वाकड्या झाडाला!

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही गिळून मी पायातला चिखल काढत बसले. आबा खाली वाकले. पट्टीवरून अंगठा फिरवला. सहादू म्हणाला, ‘म्या नाय बा केलं.’ वेदिका पुढच्या ओळीकडे वळली. आबा उठले आणि गाडीकडे चालू लागले. 

त्यांना कळलं. मला कळलं की त्यांना कळलं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी हत्यारं पुजली. पाटावर लाल फडकं, त्यावर कात्र्या, विळे, कोयता, आबांचा काळा चाकू. त्याच्या शेजारी आबांनी लाल मुठीचा ठेवला. उघडा. खाच नाही! त्यांनी घासून घासून नवी धार काढलीये, पातं केसभर अरुंद झालंय. त्या थरथरत्या हातांनी कधी केलं कोण जाणे.

हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. भाऊजींनी तोंड उघडलंच, ‘आता तरी नीट वापर म्हणावं –’

आबा म्हणाले, ‘कुंदन, गप ऱ्हा. तिनं नाय तोडला.’

मग सगळ्यांना समजावल्यासारखं, पण माझ्याकडे न बघता बोलले. इतकं सलग ते कधी बोलत नाहीत. ‘नव्या चाकूची पहिली धार दुकानदाराची असती. कागद कापून दाखवायला. लय पातळ. ती दगडावर जराशी मोडून जाड करायची, मग झाडाला लावायचा. ते म्या सांगायला पायजे होतं, सांगितलं नाय. माझी चूक. आन तुकडा पडलाय तो पिळून. वेदिका पिळत नाय, तिला कोनी शिकवलंच नाय. सहादू पिळत नाय. पिळतो मी. माझं लोखंड मऊ, पिळलं तर वाकतं, म्हणून वाईट सवय लागली. चाळीस वर्सं. ही सवय दुसऱ्या कोनाला लागायची, तर त्यानं माझा हात लय दिस बघितलेला पायजे.’

मी हातातला झेंडू पाकळी-पाकळी करून टाकला. 

त्यांनी काळा चाकू वेदिकाला दिला. ‘हा तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. तू पिळत नाय, तुझ्या हाती टिकल.’ आणि लाल मुठीचा माझ्या हातात ठेवला. ‘हा तुला. पिळलं की तुटंल. तुटला की घासायचा. चार खेपा तुटंल, पाचव्यांदा सवय जाईल.’

काळा नाहीच मिळाला मला! पण मूठ बंद केली ती उघडवेना.

मी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘वेदिका, मी तोडला गं.’  राजू माझ्याकडे बघतच राहिला. वेदिका पाटावरची फुलं सारखी करत होती. वर बघितलं नाही तिने. रागावली असेल. असू दे, हक्क आहे तिचा.

२ ऑक्टोबर, दसरा

वेदिका सोनं द्यायला स्वयंपाकघरात आली. आपट्याची पानं हातात दिली, पाया पडली. उठताना हळूच म्हणाली, ‘ताई, त्या दिवशी मी पाण्याची बाटली न्यायला मागे आले होते. तुम्ही ते गाठीचं झाड कापत होतात. मी पूर्ण होईपर्यंत बघत उभी राहिले. दोन वर्षं कोर्स केला, मला अजून तसं एक जमलेलं नाही.’

मी म्हणाले, मग तेव्हाच सांगायचं ना सगळ्यांना!

‘सांगितलं असतं तर आबांनी तुम्हालाच पुढे उभं केलं असतं,’ ती म्हणाली. ‘टाकीमागे तुम्ही बघितलंत मला. मी चाकूसाठी नव्हते रडले, ताई.’