आजारपणाचा अपवाद

मी, अनुराधा टिपणीस, वय वर्षे छप्पन्न, राहणार हॅरो, विलायत, पेशाने लोकांची टर उडवणारी लेखिका, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. जे दडपण आहे ते माझं स्वतःचं आहे. त्याचा खुलासा कलम चारमध्ये. माझी याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि माझं शाईचं पेन मुलगी सिया हिला. एक्झिक्युटर, म्हणजे हे सगळं अमलात आणणारी, तीही तीच. "आई, मराठीत will? मी वाचणार कशी?" असं तिने विचारून झालं आहे. सावकाश वाच, बाळा. मी तेव्हा मागे लागलेली नसेन.

कलम २. माझ्या विनोदी लेखांची कात्रणं रीसायकलिंगच्या बिनमध्ये टाकावीत. अंड्यांचे खोके झाले तरी कुणाच्या उपयोगी पडतील.

कलम ३. 'उत्कृष्ट चिटणीस' हे स्मृतिचिन्ह मैत्र मंडळाचे अध्यक्ष मिहीर सबनीस यांना परत करावे. माझ्या शोकसभेत त्यांनी सात मिनिटांच्या वर बोलू नये. सिया, घड्याळ लाव.

कलम ४. या देशाचा कारभार एका पुस्तकात बांधलेल्या घटनेवाचून चालतो. आमच्या दीडशे माणसांच्या मंडळाला त्रेचाळीस कलमं लागली. १९७८ साली ती संस्थापक रघुवीर पाटणकरांनी सांगितली आणि त्यांच्या पत्नी, सहसंस्थापक लीलावतीकाकूंनी टाइप केली. प्रत्येक वार्षिक सभेत काका उठायचे आणि म्हणायचे, "कलम सात वाचा." कलम सातनुसार संस्थापकांच्या संमतीशिवाय घटनेत बदल करता येत नसे. शिवाय त्यांचं सभासदत्वही तहहयात होतं. मी मंडळाच्या अंकात त्यांच्यावर लेख लिहिला. ते सगळ्यात मोठ्याने हसले, आणि पुढच्या सभेत पुन्हा उठले.

२०१४ साली मी घटनादुरुस्ती समितीची चिटणीस होते. संस्थापकांचे विशेष हक्क काढून टाकायचे आणि सलग तीन वार्षिक सभांना गैरहजर राहणाऱ्याचं सभासदत्व आपोआप रद्द करायचं, असा मसुदा मी केला. नेम होता तो फक्त गणपतीच्या जेवणाला उगवणाऱ्यांवर. काकांनी संमती द्यायचं कबूल केलं. एवढंच म्हणाले, "आजारपणाचा अपवाद घाला."

मी माइकवरून म्हटलं, "काका, तुम्ही आणि आजारी? आधी आम्ही जाऊ."

हॉल हसला. काकाही हसले. दुरुस्ती अपवादाविना मंजूर झाली.

पुढच्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला. काकू त्यांच्या उशाशी. तीन सभा चुकल्या. २०१८ साली दोघांचं सभासदत्व रद्द झाल्याचं पत्र गेलं. खाली सही माझी. 'कळावे, लोभ असावा' असंही मी लिहिलं होतं.

त्या हिवाळ्यात काका गेले. आमच्या वार्षिक सभेत आधी वर्षभरात निवर्तलेल्या सभासदांची नावं वाचतात, सगळे उभे राहतात. पुढच्या सभेला काकू मागच्या रांगेत येऊन बसल्या होत्या. मिहीरने माझ्याकडे वाकून विचारलं, "पाटणकरांचं नाव?"

मी म्हटलं, "घटनेत बसत नाही."

नावं वाचून झाली. सगळे बसले. काकू उभ्याच राहिल्या, मग पर्स उचलून निघून गेल्या. मी इतिवृत्तात लिहिलं, 'श्रद्धांजलीनंतर पुढील विषय घेण्यात आला.'

मूळ टंकलिखित घटना, समासात काकांच्या अक्षरातल्या टिपांसह, मी दुरुस्तीच्या कामासाठी घरी आणली होती. ती परत केली नाही. ती श्रीमती लीलावती पाटणकर यांना माझ्या मृत्यूनंतर मिळावी.

कलम ५. कलम चार माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या वार्षिक सभेत मोठ्याने वाचावे.

येथवरचा मजकूर मी आज काकूंना घरी बोलावून वाचून दाखवला. सह्यांसाठी शेजारच्या वरदालाही बोलावलं होतं. काकू शहाऐंशीच्या आहेत. चहाचा कप त्यांनी बाजूला सरकवला.

मग म्हणाल्या, "म्हणजे तू मरायची वाट मी बघायची?"

"तसं नाही, काकू..."

"तसंच लिहिलंयस. आण ती घटना."

आणून दिली. त्यांनी ती उघडली नाही, पर्समध्ये घातली. "साक्षीदार कोण?"

"वरदा. आणि अजून एक हवा."

"मी करते."

"काकू, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीच मिळत नाही. इथला कायदा आहे."

"मला सांगतेस? अठ्ठावीस वर्षं सॉलिसिटरकडे हेच टाइप केलंय. तुझ्याकडून मला मेल्यावर काही नको. सभा कधी आहे?"

"रविवारी."

"मग पाचवं खोड. आणि रविवारी तू वाच. उभी राहून. ह्यांच्या नावासकट."

"आणि नंतर? माफ कराल?"

"सभेचं आधी बघू," काकू म्हणाल्या.

सबब कलम ५ रद्द. कलम ४ मी स्वतः, हयातीत, येत्या रविवारी वाचेन. आजारी पडले तरी.

दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही केली. माझ्या देखत त्यांनी केली.

ठिकाण: हॅरो. दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५.

सही: अनुराधा टिपणीस

साक्षीदार १: वरदा कर्णिक. व्यवसाय: फार्मासिस्ट.

साक्षीदार २: लीलावती रघुवीर पाटणकर. व्यवसाय: संस्थापक सदस्य, मैत्र मंडळ.

(व्यवसायाच्या रकान्यातलं अक्षर दुसऱ्या साक्षीदाराचं स्वतःचं. मी हरकत घेतलेली नाही. अ. टि.)