आबा खाकरले की

नेवासा,
फेब्रुवारी १९७१

प्रिय चांगुणा,

तुझी खुशाली कळली. आमचंही बरं म्हणायचं. गावात तंबूतला सिनेमा आला होता. ह्यांनी बायकांची दोन तिकिटं आणून दिली, मग मी नि राही, दोघी मायलेकी गेलो. मधे कनात, पलीकडे पुरुष, अलीकडे आम्ही मातीत पोतं अंथरून. तू म्हणतेस ना, सिनेमातले बाप खोटे असतात, एक तर देव नाहीतर राक्षस. ह्यातला तसा नव्हता गं. चांगला कर्ता माणूस, लेकीवर जीव असलेला, फक्त तिला कधी काही विचारायचा नाही. पुढे तिचं लग्न होतं, संसार होतो, आणि नवऱ्यापुढे, दिरापुढे, पोटच्या पोरापुढेसुद्धा तिची मान खालीच. बायका मुसमुसत होत्या. मला रडू नाही आलं, राग आला. कुणाचा ते कळेना.

मग एक फजिती झाली. तुला हसू येईल, हस खुशाल. पडद्यावर तो बाप दारात येऊन खाकरला आणि मी चटकन पदर डोक्यावर घेऊन उभी राहिले. भर तंबूत! आपल्या आबांची तीच रीत ना, त्यांनी उंबऱ्याबाहेर खाकरायचं की घरातल्या बायकांनी हातातलं टाकून उठायचं. मागून एक बाई ओरडली, "आवं, बसा की खाली, आमाला काय बी दिसंना!" ओशाळून बसायला गेले, तर शेजारी राहीही उभी. तेरा वर्षांची पोर. आमच्या घरात कुणी खाकरत नाही, हे तर शिंकतानाही तोंड झाकतात. तिनं ते माझं बघूनच उचललं होतं. पुढचा सिनेमा मला काही दिसला नाही.

तुझं वेगळं. तू लहानपणी तापानं फणफणलीस, तेव्हा आबांनी तुला खांद्यावर टाकून पारनेरहून नगरचा दवाखाना गाठला. तेव्हापासून तू त्यांच्याच ताटात जेवलीस. ते आले की तू दाराशी धावायचीस आणि मी भिंतीला चिकटायचे. म्हणून तू आज हेडमास्तरांशी वाद घालतेस, आणि मी भाजी कुठली करू हेसुद्धा ह्यांना विचारते. ते बिचारे वैतागतात. मला तुझा हेवा वाटतो, चांगुणा, अगदी खरं सांगते.

आता मुद्द्याचं. आबांनी राहीची सोयरीक ठरवलीय. विचारलं नाही, कळवलं. मुलगा बागायतदार, तिशी ओलांडलेला. सोमवारी सुपारी फोडायला येतायत. ह्यांना पसंत नाही, पण सासऱ्यांपुढे ह्यांचंही तोंड उघडत नाही. आबांना तोंडावर नाही म्हणणं मला जमायचं नाही, हे त्या तंबूत कळून चुकलं. म्हणून हे पत्र देऊन राहीलाच एसटीत बसवतेय. तिला काही सांगितलेलं नाही, मावशीकडे जायचं म्हणून खुशीत आहे. तिचं नाव तुझ्या शाळेत घाल. आबा मागोमाग येतील. तुझ्यावर ते रागावणार नाहीत, गोड बोलतील, डोळ्यांत पाणी आणतील, आणि तू पाघळशील. पोरीला देऊ नकोस. तुझे आबा मला कधी भेटले नाहीत. पण त्या दिवशी तुझ्या दारात येतील, ते माझे असतील.

तुझीच,
मनकर्णा