विमानाची आंघोळ

ता. ४ मार्च

चि. ठकीस,
आजीचे आशीर्वाद. वि. वि. तुझा बाप तुझ्या विमानशाळेतून परत आल्यापासून घर डोक्यावर घेऊन बसलाय. विमान उडल्या उडल्या बंद पडलं, तू ते शेतात उतरवलंस, एवढं कळलं. आता म्हणतो, पोरीचं उडणं बंद. बंद का पडलं म्हणून विचारलं की खोकतो. तू तरी नीट लिही. हातपाय धड आहेत ना?

तुझी आजी

ता. ९ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि. मी धड आहे, चाक मोडलं. टाकीत पाणी गेलं होतं. बाबांचं तुला माहीत आहे, साबणसुद्धा धुऊन घेणारा माणूस! विमानावर धूळ दिसली, त्यांनी पाण्याची नळी लावली. मी आले तेव्हा टाकीचं झाकण काढून रुमालाने पुसत होते. उडण्याआधी टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काढून त्यात पाणी आहे का ते बघायचं असतं. ते फोटोसाठी घाई करत होते, मी बघितलं नाही. झाडांच्या वर जाते न जाते तोच इंजिन गचके देऊन थंडावलं. मागे धावपट्टीकडे वळावंसं वाटलं, पण एवढ्या कमी उंचीवर वळले असते तर आपटलेच असते. सरळ समोरच्या शेतात उतरले. नंतर टाकीतून पाणी निघालं, ते बघून बाबा रुमाल खिशात घालून बाजूला झाले. दोन्ही चुका मी माझ्यावर घेतल्यात. शनिवारी मुख्य शिक्षक ठरवणार, मला ठेवायचं की काढायचं. बाबांना बोलू नकोस गं.

लोभ असू दे.
तुझी ठकी

ता. १२ मार्च

चि. ठकीस,
आशीर्वाद. बोलू नकोस म्हणे! चांगलं फैलावर घेतलं. चूक याची, फासावर पोर, आणि वर हाच उडणं बंद करणार! आधी म्हणाला, पोरीची काळजी वाटते. म्हटलं, काळजी होती तर तोंड का शिवलंस? मग रात्रीच पिशवी भरली त्याने. आज सकाळच्या गाडीने गेलाय, तुझ्या मुख्य शिक्षकाला स्वतःच्या तोंडाने सांगायला. डबासुद्धा दिला नाही मी.

तू हुरळू नकोस. पाणी बघायचं काम तुझं होतं, त्याची शिक्षा मुकाट्याने घे. बापाची चूक पदरात घेणं हा मोठेपणा नव्हे, बावळटपणा आहे.

ठेवलंच तर पुन्हा वर जाशील. तेव्हा आधी कळवू नकोस, मला घास जात नाही. उतरलीस की कळव.

माया आहेच, लिहायला कशाला हवी.
तुझी आजी