धुराड्याच्या जागी ड्रायव्हर

४ फेब्रुवारी
बाबांनी आज इंजिनाचं धुराडं मागे चिकटवलं. पुढच्या भोकात ड्रायव्हर, कमरेपर्यंत, विहिरीत उतरल्यासारखा. इंजिन माझ्याकडे सरकवून म्हणाले, "बघ, नवंकोरं दिसतंय की नाही?"

"सुरेख," म्हटलं. खोटं बोलताना तत्सम शब्द फार उपयोगी पडतात.

नंतर नेटवर जाहिरात टाकली – ‘जुनं वाफेचं इंजिन, लहान प्रतिकृती. ड्रायव्हरच्या जागी धुराडं, धुराड्याच्या जागी ड्रायव्हर. दोघांचीही तक्रार नाही.’

लिहिताना एकटीच हसले. बाबा मोडक्या छोट्या आगगाड्या दुरुस्त करतात, मी विकते. गेल्या हिवाळ्यापासून त्यांचा हात कापतो, नजर अधू झाली आहे. एका गिऱ्हाइकानं चार शब्द सुनावून डबा परत पाठवला. तेव्हापासून मी सगळा माल ‘सदोष आणि चमत्कारिक’ या सदरात टाकते. बाबांना वाटतं, चांगला म्हणूनच जातो. कळलं तर ते कामाच्या टेबलाशी पुन्हा बसायचे नाहीत. टेबलाशिवायचे बाबा मी आई गेल्यावर पाहिले आहेत. पुन्हा नको.

६ फेब्रुवारी
इंजिन गेलं. पुन्हा तोच दातांचा डॉक्टर! माझा सगळा माल हाच उचलतो.

९ फेब्रुवारी
आजच्या डब्याला एक चाक कमी. काव्यशास्त्रात याला न्यूनपद म्हणतात – ओळीत हवा तो शब्दच नसणं. कॉलेजात हा दोष शिकवते, घरी येऊन विकते. जाहिरातीतही तसंच लिहिलं.

बाबा भिंग घेऊन चाक जमिनीवर शोधत होते. ते त्यांच्याच बाहीला चिकटलेलं. मी हळूच काढलं आणि मुठीत लपवलं. दिलं असतं तर पुन्हा बसवायला घेतलं असतं, आणि तो हात बघवत नाही.

११ फेब्रुवारी
डॉक्टरांचा निरोप – ‘रविवारी तुमच्याकडे येतोय. असे दोष ज्यांना सुचतात त्यांना भेटायचंय.’

सुचतात! या माणसाला वाटतं, बाबा हे मुद्दाम करतात.

१२ फेब्रुवारी
कळवलं, वडील आजारी आहेत. उत्तर – ‘मग यायलाच हवं, मी डॉक्टर आहे.’ दातांचे! बाबांच्या तोंडात उरलेत किती.

शेवटी खरं ते लिहिलं – हात कापतो, आणि माल सदोष म्हणून जातो हे बाबांना माहीत नाही. म्हणाले, ‘दोषातला द उच्चारणार नाही.’ तेव्हापासून जास्तच भीती वाटते आहे.

१५ फेब्रुवारी
डॉक्टर आले. उंच, घाबरट, हातात फळांची पिशवी. दारातूनच सुरू – "तुमचं काम अगदी निर्दोष हो!" चहा होईपर्यंत तेच. इंजिन निर्दोष, डबे निर्दोष, शेवटी चहासुद्धा. मी डोळ्यांनी दटावते आहे, तर गडी आणखी जोरात.

बाबांनी कप खाली ठेवला. "मग सदोष मालातून का घेता?"

मी घाईनं डॉक्टरांचा कप पुन्हा भरायला घेतला.

"समोरचा घड्याळवाला रोज दुपारी येऊन जाहिराती वाचून दाखवतो," बाबा डॉक्टरांना सांगत होते. "आमच्या पंडितीणबाई झकास लिहितात. ‘दोघांचीही तक्रार नाही’ ऐकून तो स्टुलावरून पडायचा राहिला. फक्त ते न्यूनपद काय, आम्हा अडाण्यांना कळलं नाही."

"कधीपासून?" मी विचारलं.

"डबा परत आला तेव्हापासून. पार्सल दारात मीच घेतलं होतं. तू लपवायच्या आधी उघडून पाहिलं, पुन्हा बंद करून दारातच ठेवलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढी जपत होतीस. आणि लिहिताना एकटीच हसायचीस. म्हटलं, चालू दे."

डॉक्टर संत्रं सोलत बसले. कुणी मागितलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी
सकाळी टेबल लख्ख पुसलेलं. चिमटा, भिंग, बारीक स्क्रू ड्रायव्हर – सगळं फडक्यावर ओळीनं.

"याची जाहिरात टाक," बाबा म्हणाले. "लिही – उत्तम स्थिती, दोष नाही. विकण्याचं कारण विचारतात ना? लिही – हात."

"बाबा, असं काय करता?"

"काल त्या डॉक्टरला घाम फुटला होता गं. माझ्यापायी लोकांना खोटं बोलावं लागतंय. पुरे आता."

१८ फेब्रुवारी
जाहिरात टाकलेली नाही. बाबा खिडकीशी बसून असतात. भीती होती ती हीच.

२१ फेब्रुवारी
त्यांच्या खुर्चीत आज मी बसले. न विकलेला तो न्यूनपद डबा घेतला, लपवलेलं चाक काढलं. बाबा खिडकीपासून हलले नाहीत. पण थोड्या वेळानं आवाज आला – "गोंद कमी. आता फुंकर मार. अगं फुंकर, मंत्र नव्हे."

चाक बसलं. जी कडा आत हवी ती बाहेर.

बाबा उठून आले, बोटांनी चाचपत राहिले. मग म्हणाले, "वर्णन मी सांगतो, तू लिही. डबा, चाकं पुरती. कारागीर नवी, वय पन्नास, हात जड. सुधारायला भरपूर वाव."

"आणि अवजारांची जाहिरात?"

"ती टाकलीस कुठे तू? मी आणि घड्याळवाला रोज बघत होतो."