उजव्या हाताची हरळी

प्रिय चिमे,

उत्तराला इतका उशीर झाला म्हणून रागावू नकोस. तुझं पत्र उशीखालीच होतं. आईला तिकडच्या शुश्रूषागृहात कधी हलवायचं, तिथली जागा फार दिवस अडवून ठेवता येणार नाही, असं तू लिहिलं होतंस. रोज लिहायला बसायचो आणि हात थांबायचा. हो म्हणावं तर जीव तुटतो. नाही म्हणावं तर मला एकट्याला तिचं सगळं झेपेल का, ही धास्ती.

उजवा हात लुळा पडल्यापासून आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, ते तू पाहिलंच आहेस. बोलणंही जवळजवळ बंद. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो हिने पलंगाखाली ढकलून दिला. मला भलतीच भीती. एवढ्या आजारी माणसाला काही चावलंबिवलं तर? जन्मभर लोकांची कुलपं दुरुस्त करताना भोकांत तेल सोडलं, तशी घराच्या एकूण एक फटीत मी मुंग्यांची पावडर कोंबली. मग घरात मुंगीही फिरकेना, आणि घर इतकं चिडीचूप झालं की मला माझाच श्वास ऐकू यायचा.

हिचा कायदा तुला आठवत असेल. झुरळाला चप्पल, मुंगीला माफी. ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली की खिडकीबाहेर चिमूटभर साखर ठेवायची आणि त्यांना सांगायची, "बायांनो, तुमचं पान बाहेर वाढलंय." आणि त्या खरंच जायच्या गं!

तर झालं काय, चहा करताना माझ्या हातून साखर सांडली आणि नीट पुसली गेली नाही. दुपारी बघतो तर हिच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर मुंग्यांची रांग. एवढी पावडर टाकूनही! मी डबा घेऊन धावलो, तर हिने डाव्या हाताने माझा सदराच धरला. म्हणाली, "खबरदार!" कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून खणखणीत शब्द ऐकला. मग पडल्या पडल्या रांग बघत राहिली. डोळे मुंग्यांबरोबर चालत होते.

दुसऱ्या दिवसापासून पावडर बंद, साखर सुरू. आधी खिडकीच्या कडेला ठेवली, मग कपाटापाशी, मग उंबऱ्यावर. ही आधी मान वळवायची, मग उठून बसायला लागली, मग माझ्या खांद्याला धरून दारापर्यंत. व्यायामाच्या बाई हसून म्हणाल्या, "काका, चेंडू राहू द्या, हेच चालू ठेवा." मला मात्र धाकधूक. पडली म्हणजे?

परवा पायरीपर्यंत आली. इतके दिवस बाहेर कुणाचं लक्षच नव्हतं, त्यामुळे फरशीच्या फटींतून हरळी माजलेली. ती बघून जी काही कडाडली! "अहो धास्तीराव, घराचं रान केलंत की!" मी खुर्ची आणायला आत गेलो. येऊन बघतो तर बाईसाहेब पायरीवर बसलेल्या, डाव्या हाताचा टेकू, आणि हरळीचा झुपका चक्क उजव्या मुठीत. बोटं थरथरत होती, पण सोडत नव्हती. नको नको म्हणून मी ओरडणारच होतो, पण तोंड मिटून उभा राहिलो. ही माझ्यासाठी केवढी गोष्ट, ते तुला ठाऊक आहे. एक हिसका, दुसरा हिसका, आणि हरळी मुळासकट वर! कुस्ती मारल्यासारखी तिने ती उंच धरली. मी असा काही ओरडलो की शेजारीण धावत बाहेर आली. मग तिलाही दाखवली.

पाकिटातून जी वाळकी काडी पडेल तो कचरा नाही, फेकू नकोस. तीच ती. ती दाखवावी म्हणून आणि तुला उत्तर द्यावं म्हणूनच हे पत्र. ती जागा दुसऱ्या कुणा गरजूला देऊन टाक, आई कुठेही येत नाही. ती म्हणते, "तिला सांगा, न्यायला येऊ नकोस, मदतीला ये. मागच्या भिंतीकडेला अजून पुष्कळ तण आहे." तेव्हा कधी येतेस ते लवकर कळव गं. नाहीतर ही एकटीच सगळं उपटून टाकेल, आणि मला आता त्याची काळजी लागली आहे.

तुझाच,
धास्तीराव बाबा