तुझ्या कानापुरता आवाज

आई, तुला वाचता येत नव्हतं, तरी मी तुला लिहायला बसले आहे. तुझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागायचं, त्यामुळं हळू आवाजात सांगायच्या गोष्टी राहूनच गेल्या.

गळ्याच्या ऑपरेशननंतर आप्पांचा आवाज गेला. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेला आणि पोलीस ॲक्शननंतर जन्मभर मराठी शाळेत शिकवलेला माणूस आता नुसता कुजबुजायचा. तुझे कान तर आधीच गेलेले. त्यांनी लिहून दाखवावं तर तुला अक्षर येत नाही. मास्तर असून त्यांनी तुला शिकवलं नाही, याची खंत मी तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाहिली. म्हणून मधे मी. ते माझ्या कानाशी बोलणार, मी तुला ओरडून सांगणार. "भाजी खारट झालीय" असं ते म्हणाले, की मी "भाजी छान झालीय" असं सांगायचे आणि तू संशयानं त्यांच्याकडं बघायचीस. पण कधीकधी ते काहीतरी सांगायला माझ्याकडं वळायचे, थांबायचे आणि हातानंच "राहू दे" म्हणायचे. ते मुलीच्या तोंडून सांगण्यासारखं नसणार. तशात माझं लग्न ठरलं, नाशिकला. भांडी घासता घासता तू म्हणालीस, "तू गेल्यावर हे घर मुकंच होणार बघ."

तेव्हा मी चिकलठाण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सोल्डरिंग करायचे. समोर येईल त्या ठिकाणी डाग द्यायचा आणि पट्टी पुढं सरकवायची. कुठला भाग काय करतो, ते मला ठाऊक नव्हतं. आप्पांचा आवाज आईला ऐकू येईल असं काही करता येईल का, असं आमच्या सुपरवायझरबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कुजबुज मोठी करायचीय ना? मग प्रीॲम्प्लिफायर कर. माईकचा बारीक आवाज तो आधी थोडा वाढवतो, मग तुमचा रेडिओ त्याला मोठा करतो." त्यांनी कागदावर आकृती काढून दिली. एक ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टर, कपॅसिटर आणि बॅटरी. शहागंजातल्या दुकानदारानं ट्रान्झिस्टर हातात देताना बजावलं, "बेटी, इसके तीन टांगां हैं, देखके लगाओ."

मी न बघताच लावला. काहीच वाजेना. पाय बदलून लावला, तर रेडिओतून नुसती घूंऽऽ अशी घरघर. तू कणीक मळत होतीस. तुला ती घरघर ऐकू आली आणि तू आनंदानं म्हणालीस, "लागलं की गं!" मी सगळं चहाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं, माईकला जाळीची वायर घातली. घरघर गेली, पण आप्पांचा शब्द फाटून यायला लागला. बाई म्हणाल्या, फार वाढवतेयस, कमी कर. मी एक रेझिस्टर बदलला आणि रविवारी सकाळी माईक आप्पांच्या हातात दिला.

"ऐकू येतंय का गं?" रेडिओ बोलला.

तू चटकन डोक्यावर पदर घेतलास. आप्पा शेजारी बसलेले, आणि तू रेडिओकडं बघून म्हणालीस, "व्हय, येतंय."

"आजारपणात लई केलंस तू माझं," ते म्हणाले.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंची हाक आली, "मास्तर बोलायलेत का हो? लई बरं झालं!" मी ते तुला ओरडून सांगितलं, तशी तुझा चेहरा लालबुंद. "बंद कर ते आधी! नवरा-बायकोचं बोलणं साऱ्या गल्लीला कशाला?" आप्पांनी माईक भिंतीतल्या देवळीत ठेवून दिला. कितीही विनवलं तरी त्यांनी तो पुन्हा हातात घेतला नाही.

मी बरेच दिवस तोंड पाडून होते. मग लक्षात आलं, तुझं बरोबरच होतं. आवाज नुसता मोठा होऊन भागणार नव्हतं, तो तुझ्यापुरता व्हायला हवा होता. मी रेडिओ काढून टाकला, आणखी एक ट्रान्झिस्टर जोडला आणि शेवटाला कानात घालायचा इअरफोन लावला. लग्नाला थोडेच दिवस उरले होते. एका दुपारी इअरफोन तुझ्या कानात बसवला आणि माईक आप्पांपुढं धरला. त्यांनी तो घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि दाराकडं बोट दाखवलं.

मी अंगणात येऊन उभी आहे. आतून आप्पांचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. तू मात्र सवयीनं मोठ्यानंच बोलतेयस. "व्हय?" मग आप्पा बोलत असणार. "कवापासून?" थोड्या वेळानं, "मग तवाच का नाय सांगितलं मला?" आणि मग तू हसलीस. इतकी मोकळी हसताना मी तुला पहिल्यांदाच ऐकत होते. हसता हसता म्हणालीस, "पोरीला? छे, तिला नाय सांगणार!"

मी सासरी निर्धास्त गेले, ते त्या हसण्यामुळं. माहेरी यायचे तेव्हा डबा तुमच्या दोघांच्या मधे असायचा आणि बॅटरी संपली की तू स्वतः दुकानात जायचीस. आप्पा गेले, मागून तू गेलीस. हा कागद मी कुठं पाठवणार? घडी घालून ठेवून देईन.

एवढंच कबूल करते, आई, त्या दुपारी आनंद झाला खरा, पण थोडं रडूही आलं. तुमच्या दोघांच्या मधे उभं राहायला मला फार आवडायचं. आणि आप्पा काय म्हणाले, ते तू सांगशील म्हणून मी शेवटपर्यंत वाट पाहिली. विचारलं मात्र कधीच नाही.