राजाची एक उडी

सोमवार, ३ नोव्हेंबर
कापूस वेचायला बाया लावल्या अन् मी अर्ध्या दिसातच घरी. रेवाचा फोन येणार म्हणून. सतरा वर्षांची नात माझी, बुद्धिबळ खेळायला परदेशात गेलीय. पहिल्या दोघींत आली की जगातल्या निवडक आठजणींत जागा. पेडगावची पोरगी! मी चौथी शिकलेली, मला त्यातलं काय... पण पहिला डाव मीच शिकवलाय.

आमचा डाव जुना, माझ्या आबांचा. प्यादं एकच घर सरकतं. अन् राजाला एकदाच घोड्याची उडी माफ, तीबी शह बसायच्या आधी. परभणीच्या पहिल्या स्पर्धेत हिनं राजा घोड्यावानी उडवला! सात वर्षांची होती. पंच म्हणले, "बाळ, कुणी शिकवलं हे?" ही ठसक्यात, "आजीनं!" तवा मी लय शरमले. आता एकटीच हसत बसते.

बुध. ५ नोव्हें.
रेवा हरली. मोठ्या खेळाआधी ती फोनवर माझ्यासंगं जुना डाव खेळती, आठ-दहा चाली. मी इथं पट मांडते, ती तिथं. दरवेळी. आज तिच्यासंगं गेलेल्या सरांचा फोन. "आजी, राग नका मानू. तुमच्या खेळानं तिच्या डोक्यात घोळ होतो." बरं म्हणलं. तेवढ्यात चुलीवरचे शेंगदाणे करपले.

शुक्र. ७
शेवटचा डाव. जिंकली तरच जागा.
सकाळीच फोन. "आजी, पट मांड."
"वेळ न्हाई गं, शेतात जायलेय."
"खोटं बोलायलीस. टीव्ही ऐकू यायलाय मागं."
ठेवून दिला. भाकरी थापली, ती तव्यावर फुगलीच न्हाई. मग मीच लावला. सरांनी उचलला. म्हणलं, "घोळ झालाच तर माझ्या नावावर लिहा. द्या तिला." नऊ चाली खेळलो. राजाची उडी पोरीनं मारलीच, अन् खिदळली अशी, जशी लहानपणी...

दुपारी ४
संजू, तिचा बाप, मोबाइलवर तिचा डाव बघत बसलाय. मला कळावं म्हणून सांगायलाय. मी इथं तसेच मोहरे लावायलेय.
"आई, राजा कोपऱ्यात गेला तिचा."
"मग?"
"मग काय. विचार करायलीय. घड्याळ पळायलंय."
हरली तर सर मलाच म्हणतील. म्हणू देत. नऊ चाली खिदळली ना.
तिथं उडी माफ न्हाई. तिला ठाऊक हाय, मलाबी. तरी राजा हातात धरून बसलेय, ठेववंना.
संजू म्हणायलाय, "थांब आई, हलली. चाल केली तिनं. अगं, ही तर खिदळायलीय!"